मूर, माळ आणि वरकस : जव्हार-मोखाड्याचे पठार आणि पाहुण्याचे गद्य

१

‘मूर’ या इंग्रजी संज्ञेला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. इंग्रजी कादंबऱ्यांचे अध्यापन वा अनुवाद करताना ‘माळरान’, ‘पठार’, ‘उजाड प्रदेश’ असे पर्याय योजले जातात. परंतु यांतील प्रत्येक पर्याय मूळ संज्ञेतले काही गाळतो आणि स्वतःचे काही तिच्यात घालतो. थंड व दमट हवेचा उंच प्रदेश, निकस जमीन, हेदरची खुरटी झुडपे, वारा, धुके आणि विरळ वस्ती एवढा या संज्ञेचा भौगोलिक आशय आहे. साहित्याच्या वाचकाच्या मनात मात्र तिच्याभोवती एकांत, दुर्दम्य भावना आणि समाजबंधनांतून सुटका असे अर्थवलय जमलेले असते. हे अर्थवलय भूगोलाने दिलेले नसून साहित्याने दिलेले आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

मराठी मुलखात या भूरूपाचा जवळचा सोयरा शोधायचा झाल्यास जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांच्या पठाराकडे वळावे लागते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला, तेव्हापासून हे तालुके त्या जिल्ह्यात आहेत. जव्हार गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. पावसाळ्यात धुक्याने वेढलेले, आश्विनात पिवळे-हिरवे आणि फाल्गुनानंतर करडे होत जाणारे हे पठार आहे. सूर्यमाळ, शिरपामाळ अशा स्थलनामांत ‘माळ’ हा शब्द आजही नांदतो. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी या समाजांची येथे पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती आहे.

अशा प्रदेशाला बाहेरचा माणूस भेट देतो आणि त्याविषयी लिहितो, तेव्हा काय घडते? मराठीत या भेटीला एकच नाव नाही. अधिकारी ‘पाहणी’ करतो, शहरातील कुटुंब ‘सहली’ला जाते, मंत्री आणि पत्रकार ‘दौऱ्या’वर येतात. हे शब्द समानार्थी नाहीत. प्रत्येकामागे भेट देणाऱ्याची एक भूमिका आहे, यजमानाशी असलेले एक नाते आहे आणि त्या नात्याला साजेसे एक गद्य आहे. या तिन्ही गद्यांत वरवर काहीच साम्य नसले तरी एका बाबतीत त्यांचे एकमत आहे : तिघांनाही पठार रिकामे दिसते. हा रिकामेपणा भूमीच्या ठिकाणी नसून लेखनाच्या रीतीत आहे, आणि त्या रीतीतून श्रम हे तत्त्व पद्धतशीरपणे वगळले जाते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

प्रथम इंग्रजी परंपरेकडे पाहणे आवश्यक आहे. कारण पठाराकडे पाहण्याची आपली रीत बऱ्याच अंशी तेथून आलेली आहे, आणि जे आले ते अर्धेच आले आहे.

इंग्लंडमधील मूर म्हणजे निसर्गाची अस्पर्श, आदिम अवस्था ही समजूत आता टिकणारी नाही. आज उघड्या दिसणाऱ्या बऱ्याच मूरांवर एके काळी झाडी होती. प्रागैतिहासिक काळापासूनची तोड, जाळणी आणि चराई यांनी हे प्रदेश उघडे केले आणि उघडे ठेवले. एकोणिसाव्या शतकात उत्तर इंग्लंडमधील विस्तीर्ण मूर ग्राऊस या पक्ष्याच्या शिकारीसाठी राखले गेले. पक्ष्यांना कोवळे कोंब मिळावेत म्हणून हेदरचे पट्टे पाळीपाळीने जाळण्याची पद्धत रूढ झाली. म्हणजे ज्या भूमीला ‘रानटी’ म्हणून वाखाणले गेले, तीही माणसाच्या हाताने घडवलेली आणि मालकीहक्काने बांधलेली होती.

या वस्तुस्थितीची जाण इंग्रजीतील थोर कादंबऱ्यांना आहे. त्यांच्या भाविक वाचकांना ती नसते. एमिली ब्राँटेच्या ‘वदरिंग हाइट्स’ (१८४७) या कादंबरीची निवेदनव्यवस्था या दृष्टीने फार बोलकी आहे. लॉकवुड हा दक्षिणेकडून आलेला भाडेकरू आहे. एकांताच्या हौसेने आलेला हा पाहुणा पहिल्या काही पानांतच चुकीचे वाचन करतो : घरातील एका अंधाऱ्या कोपऱ्यात त्याला पाळीव मांजरे दिसतात, आणि ते मेलेल्या सशांचे गाठोडे निघते. मूरवरील जीवनाची खरी हकीगत त्याला स्वतःच्या डोळ्यांनी कळत नाही. ती त्याला नेली डीन या घरकाम करणाऱ्या स्त्रीकडून ऐकावी लागते. पाहुण्याचे ज्ञान हे यजमानाघरच्या श्रमिकाचे उसने ज्ञान असते, हे ब्राँटेने निवेदनाच्या रचनेतच नोंदवून ठेवले आहे.

टॉमस हार्डीच्या ‘द रिटर्न ऑफ द नेटिव्ह’ (१८७८) मध्ये हे सूत्र आणखी पुढे जाते. एग्डन हीथचे आरंभीचे वर्णन निसर्गवर्णनाचा नमुना म्हणून वर्गावर्गांतून शिकविले जाते. परंतु कादंबरीचा खरा कस पुढे लागतो. पॅरिसहून परतलेल्या क्लिमची दृष्टी अधू होते आणि तो हीथवर झुडपे तोडण्याचे काम पत्करतो. त्या क्षणी हीथ हे दृश्य उरत नाही. ते कामाचे ठिकाण बनते. क्लिम आपल्या कामात तल्लीन होऊन गातो आणि युस्टेशियाला ते गाणेच असह्य होते. हीथचे सौंदर्य आणि हीथवरचे श्रम यांच्यातील हा ताण म्हणजेच त्या कादंबरीची शोकात्मिका आहे. आरंभीचे वर्णन तेवढे उचलून ही बाजू सोडून देणे म्हणजे हार्डीला सहलीचा लेखक बनविणे होय.

रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) या ग्रंथात या प्रश्नाला सैद्धांतिक रूप दिले. भूदृश्य ही कल्पनाच विलगता आणि निरीक्षण यांवर उभी असते. जेथे माणसे राबत असतात ती भूमी राबणाऱ्यांच्या दृष्टीने क्वचितच ‘दृश्य’ असते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. इंग्रजी मूरच्या बाबतीत या विलगतेला आव्हानही मिळाले. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर परिसरातील शेकडो कामगार तरुण-तरुणी किंडर स्काउट या राखीव मूरवर मनाई मोडून चढले. त्यांतील काहींना तुरुंगवास घडला. तेथे भेट देण्याचा हक्क हाच संघर्षाचा विषय होता, आणि भेट देणारा स्वतः श्रमिक होता. मराठीत ‘मूर’ची कल्पना आली ती ब्राँटे भगिनींच्या धुक्यासह; किंडर स्काउट मागेच राहिले.

३

मराठी साहित्यात निसर्गाकडे स्वायत्त सौंदर्यविषय म्हणून पाहण्याची दृष्टी केशवसुत-बालकवींच्या काळात स्थिरावली, आणि तिच्या घडणीत इंग्रजी स्वच्छंदतावादाचा वाटा होता, हे सर्वमान्य आहे. प्रवासवर्णनाच्या क्षेत्रात पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’पासून (१९६०) मीना प्रभू यांच्या ‘माझं लंडन’पर्यंत (१९९३) पाहणाऱ्या ‘मी’चे रसिक, बोलके व्यक्तिमत्त्व हेच या प्रकाराचे बलस्थान ठरत आले. परदेशात हा ‘मी’ नवखा असतो, म्हणून तो विनम्रही असतो. स्वदेशातील पठारावर तोच ‘मी’ गेला की नवखेपणाची जाणीव गळते आणि मालकीची भाषा येते.

जव्हारला ‘ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर’ म्हणण्याचा प्रघात जुना आहे. ही उपमा निरुपद्रवी नाही. महाबळेश्वर हे १८२८-२९ च्या सुमारास माल्कमच्या कारकिर्दीत इंग्रजांच्या आरोग्यधामाच्या रूपाने उभे राहिले. इंग्लंडच्या हवेची आठवण देणारी हवा, तशीच घरे, तसेच फिरायचे रस्ते आणि दरीच्या कडेला ‘पॉइंट’ असा तो आराखडा होता. जव्हारला महाबळेश्वर म्हणताना हा सगळा आराखडा नकळत पठारावर आणून ठेवला जातो. येथेही ‘हनुमान पॉइंट’ आहे, ‘सनसेट पॉइंट’ आहे. ‘पॉइंट’ ही संकल्पना चिकित्सेने वाचण्याजोगी आहे. पॉइंट पठाराच्या अगदी कडेला असतो आणि तेथे उभा राहणारा दरीकडे, सूर्याकडे, क्षितिजाकडे तोंड करतो. म्हणजे पठारावर येऊन पठाराकडे पाठ करण्याच्या जागेला पॉइंट म्हणतात. सहलीच्या गद्याचा दृष्टिबिंदू शब्दशः हाच असतो.

या गद्याचा काळही ठरलेला आहे. ते श्रावण ते कार्तिक या काळात लिहिले जाते : धुके, दाभोशाचा धबधबा, हिरवे उतार आणि पिवळ्या फुलांची पठारे. यांतील पिवळी फुले हे सहलीच्या गद्याच्या मर्यादेचे उत्तम उदाहरण आहे. भाद्रपद-आश्विनात येथले उतार पिवळे होतात त्यात रानफुलांचा वाटा असतो. पण मोठे पिवळे पट्टे पुष्कळदा खुरासणीचे असतात. खुरासणी हे तेलबियांचे पीक आहे. कोणीतरी ते पेरलेले असते, कोणीतरी ते कापून, झोडपून घाण्यावर नेणार असते. पाहुणा त्याला निसर्गाची उधळण म्हणतो. लॉकवुडला सशांच्या जागी मांजरे दिसली, तशातलाच हा प्रकार आहे. दोन्ही ठिकाणी चूक माहितीच्या अभावातून घडते असे म्हणून सोडून देता येत नाही, कारण ती नेहमी एकाच दिशेने घडते : जे कामाचे ते शोभेचे ठरते.

या गद्याचे व्याकरणही तपासण्याजोगे आहे. त्यात धातुसाधित विशेषणांचा भरणा असतो. पाडे ‘विखुरलेले’ असतात, झोपड्या ‘वसलेल्या’ असतात, शेते ‘पसरलेली’ असतात. कोणी विखुरले, कोणी वसविले, कोणी पसरले, हा प्रश्न निर्माणच होत नाही, कारण वाक्यात कर्त्याला जागाच ठेवलेली नसते. कर्ता एकच : पाहणारा.

दिवाळीनंतर येणारा पाहुणा पठाराच्या शांततेने भारावतो. या शांततेचे कारण मात्र गद्याबाहेर राहते. खरिपाचे पीक हाती आले की येथील असंख्य कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याण परिसरातील वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघून जातात. बरेचदा भट्टीमालकाची उचल आधीच खाऊन झालेली असते. शिमग्याला काही परततात, उरलेले पावसाच्या तोंडावर. पाड्यात म्हातारी माणसे आणि थोडी मुले मागे राहतात. सहलीच्या गद्यात ज्याला नीरव एकांत म्हटले जाते ते वस्तुतः स्थलांतर असते, आणि त्या एकांतातून गेलेली माणसे ज्या विटा पाडत असतात त्याच विटांच्या शहरातून पाहुणा आलेला असतो.

पाण्याचीही हीच गत आहे. धबधब्याचे पाणी वर्णनात येते. चैत्र-वैशाखात मोखाड्याच्या पाड्यांतून टँकरची वाट पाहणाऱ्या बाया येत नाहीत. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या मध्य वैतरणा धरणाचे लोकार्पण २०१४ मध्ये झाले; ते मोखाडा तालुक्यात आहे. पठारावर येणारा मुंबईकर हा येण्याआधीच यजमानाघरचे पाणी प्यालेला असतो. हे नाते ज्या गद्याला दिसत नाही त्याची भाषा कितीही चित्रमय असली तरी तिला पाहणे म्हणता येणार नाही.

४

दुसरे गद्य पाहणीचे. जव्हार हे संस्थान होते. मुकणे घराण्याची सत्ता तेथे चौदाव्या शतकापासून असल्याचे परंपरा सांगते आणि त्या परंपरेत १३४३ हे वर्ष महत्त्वाचे मानले जाते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. मोखाडा मात्र ब्रिटिश ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याचा पेटा होता. एकाच पठारावर दोन राजवटी होत्या. परंतु दोन्हींची नोंद अखेर एकाच लेखणीने केली, ती गॅझेटिअरच्या.

मुकणे घराण्याच्या मूळपुरुषाची कथा ‘इम्पिरिअल गॅझेटिअर’मध्ये येते. जव्हार पूर्वी एका वारली राजाकडे होते. कोळी नायकाने त्याच्याकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन मागितली, आणि ती मिळताच कातड्याच्या वाद्या कापून त्यांनी मोठा मुलूख वेढला. गॅझेटिअरकार ही कथा सांगताना तिला लगोलग डायडोच्या कथेची उपमा देतात. कार्थेजची राणी डायडो हिने अशाच युक्तीने भूमी मिळविल्याची आख्यायिका युरोपीय अभिजात परंपरेत प्रसिद्ध आहे.

या ठिकाणी वाचनाच्या दोन क्रिया एकमेकींवर बसल्या आहेत. पाहणी करणारा पठारावर आपले ग्रंथालय वाचतो. त्याला डायडो दिसते, आणि कथा ओळखीची झाल्यामुळे तिचा अर्थ लावण्याचे प्रयोजन संपते. वास्तविक ही कथा भूमीच्या मोजणीविषयी आहे. एकाच्या लेखी जमीन म्हणजे कातडे अंथरण्याएवढी जागा. दुसऱ्याच्या लेखी ती वेढता येणारे क्षेत्र. शब्दाचा अर्थ बदलून भूमी हातची जाते, आणि ती जाते ती वारल्याची. ज्या राजवटीने पुढे सर्वेक्षणाच्या साखळीने सारा कोकण मोजला, तिच्याच नोंदीत ही कथा केवळ एक मनोरंजक साम्य म्हणून राहावी, यातील विपर्यास लक्षणीय आहे.

पाहणीच्या गद्याची दुसरी खूण म्हणजे ‘राब’ या पद्धतीविषयीचा त्याचा दृष्टिकोन. पावसाळ्यापूर्वी टहाळ, पातेरा, गवत आणि शेण जमिनीवर पसरून, वर माती घालून ते जाळायचे, त्या राखेच्या वाफ्यात भाताचे किंवा नागलीचे बी टाकायचे आणि पावसात रोपे उपटून लावणी करायची, ही ती पद्धत. वनखात्याच्या दृष्टीने हा झाडांचा नाश होता. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती शेतीची पहिली पायरी होती. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक असंतोष इतका वाढला की मुंबई सरकारला १८८५ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. राब हा त्या वादाचा एक मुख्य विषय होता. त्याच काळात इंग्लंडच्या मूरांवर ग्राऊससाठी हेदर जाळले जात होते आणि त्याला भूमीची जोपासना म्हटले जात होते. एकाच्या हातातली आग व्यवस्थापन ठरली आणि दुसऱ्याच्या हातातली अडाणीपणा. हा भेद कृषिविज्ञानाचा नाही. तो कोणाच्या श्रमाला ज्ञान म्हणायचे याचा आहे.

याच महसुली व्यवहारात ‘वरकस’ हा शब्द येतो. भातखाचरांहून वेगळी, उतारावरची, नागली-वरईसारखी धान्ये पिकविणारी किंवा राबासाठी राखलेली जमीन म्हणजे वरकस. पाहणीच्या लेखी ही कमी प्रतीची, कमी साऱ्याची जमीन आहे. तरीही या शब्दात एक गोष्ट मान्य केलेली आहे, जी ‘मूर’मध्ये आणि सहलीच्या ‘माळरान’मध्ये नाही : ही जमीन कोणीतरी कशासाठीतरी वापरतो. साऱ्याची वही सौंदर्याला आंधळी असते, पण श्रमाला पूर्णपणे आंधळी राहू शकत नाही. कारण तिला वसुली करायची असते. पठाराच्या वाङ्मयीन वाचनासाठी ‘मूर’पेक्षा ‘वरकस’ ही अधिक उपयुक्त संज्ञा ठरते ती या कारणाने.

५

तिसरे गद्य दौऱ्याचे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंच्या बातम्यांनी हा प्रदेश महाराष्ट्राच्या वृत्तपत्रांत आला. २०१६ मध्ये मोखाडा-जव्हार परिसरातील कुपोषणाच्या बातम्यांनी तो पुन्हा आला. या लेखनाचे सामाजिक मोल नाकारण्याचे कारण नाही. त्याने प्रशासनाला उत्तर देण्यास भाग पाडले आणि शहरी वाचकाच्या सुखासीनतेला धक्का दिला. येथे विचार करायचा आहे तो त्याच्या रूपबंधाचा.

दौऱ्याच्या गद्यातील मध्यवर्ती विशेषण ‘दुर्गम’ हे आहे. दुर्गम म्हणजे जेथे जाणे कठीण ते. अर्थात कोठून तरी जाणे. पाड्यात राहणाऱ्याला पाडा दुर्गम नसतो. त्याला तालुक्याचे रुग्णालय दुर्गम असते. विशेषण एकदा पाड्याला चिकटले की अंतराची जबाबदारीही पाड्याकडे जाते. सहलीच्या गद्यात जी गोष्ट ‘एकांत’ म्हणून सुखावह होती तीच दौऱ्याच्या गद्यात ‘दुर्गमता’ म्हणून दुःखद होते. विशेषण बदलते, दृष्टिबिंदू तोच राहतो. सहलीला माणूस दिसत नाही. दौऱ्याला तो केवळ कृश देहाच्या रूपात दिसतो. त्याच्या हातात काय कौशल्य आहे, कोणत्या महिन्यात तो काय करतो, कोणती कंदमुळे आणि रानभाज्या ओळखतो, कोणाचे किती देणे लागतो, हे प्रश्न दौऱ्याच्या काही तासांत बसत नाहीत.

आणखी एक बाब. दौऱ्याला घटना लागते. वावर-वांगणी हे नाव घटनेमुळे उच्चारले गेले आणि घटना जुनी होताच विस्मरणात गेले. परंतु भूक ही वर्षाच्या चक्रात येते. साठवलेले धान्य संपण्याचा आणि पिकाला अवकाश असण्याचा काळ पावसाळ्यात, नेमका सहलीच्या हंगामात, येतो. एकाच आषाढ-श्रावणात एक गद्य धबधब्याचे वर्णन करीत असते आणि दुसरे वजनकाट्यावरील बालकाचे. दोन्ही एकाच वृत्तपत्राच्या वेगवेगळ्या पानांवर छापली जातात आणि एकमेकांना ओळखत नाहीत.

६

या तीन गद्यांना पर्याय आहे काय? मराठीतच तो आहे. त्याला ‘वास्तव्याचे गद्य’ म्हणता येईल.

गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे १९४५ च्या वारली उठावाची हकीगत सांगणारे पुस्तक, १९७२ च्या साहित्य अकादमी पुरस्काराने गौरविलेले. त्याचा भूप्रदेश मुख्यतः डहाणू-उंबरगाव-तलासरीचा, म्हणजे या पठाराच्या पश्चिमेचा शेजार. येथे पाड्यापाड्यांतून पायी हिंडणारी लेखिका आहे आणि भूमी तिच्या पायांखालून येते. वेठ, बिगार आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर राबणारा ‘लग्नगडी’ या संज्ञांनी तो प्रदेश उभा राहतो. जंगल हे तेथे पार्श्वभूमी नसून कोणाच्या तरी मालकीचे, कोणाच्या तरी श्रमाने तोडले जाणारे असे आहे. तरीही या थोर पुस्तकाचे शीर्षक चिकित्सेपलीकडचे नाही. ‘जागा होतो’ म्हणताना त्याआधीची निद्रा गृहीत धरली जाते. आणि जो जागविण्यास आला तोच निद्रेचा साक्षीदार असतो. वास्तव्याच्या गद्यालाही स्वतःच्या पाहुणेपणाचा पूर्ण विसर पडू नये, ही अपेक्षा येथे करावीशी वाटते.

या दृष्टीने व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) तुलनेस घेण्यासारखी आहे. तो माळ माणदेशाचा, कमी पावसाचा. जव्हार-मोखाड्याशी त्याचे हवामान जुळत नाही. परंतु निवेदकाची स्थिती मोलाची आहे. औंध संस्थानातील तरुण शिक्षक नोकरीवर वाडीत येतो. तो पाहुणाही नाही आणि वाडीचाही नाही. माळाचे वर्णन तो मेंढरांच्या, पावसाच्या, पेरणीच्या अनुषंगाने करतो. धनगराला ज्या कारणासाठी माळ पाहावा लागतो त्याच कारणासाठी निवेदकही तो पाहू लागतो. शेवटी दुष्काळाने वाडी ओस पडते. हा ओसाडपणा वाचकाला सौंदर्य वाटत नाही, कारण कोण कोण गेले हे त्याला नावांनिशी ठाऊक असते. रिकाम्या माळाचे वर्णन करण्याचा अधिकार माडगूळकरांनी भरल्या माळाचे वर्णन करून कमावला आहे.

७

बाहेरून आलेल्या गद्यांची चर्चा येथवर झाली. पठाराची स्वतःची दृष्टी कोठे शोधायची? लिखित साहित्यात ती अजून अल्प आहे; मौखिक परंपरेत आणि चित्रांत विपुल आहे. वारली लग्नात सवाष्णी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात आणि धवलेरी लग्नाची गाणी गाते. चौकात पालघट देवी असते, भोवती झाडे, जनावरे, माणसे, कामे. या चित्रांत क्षितिजरेषा नसते. क्षितिज नाही म्हणजे एका ठिकाणी उभा राहून पाहणारा नाही, ‘पॉइंट’ नाही. जवळचे मोठे आणि दूरचे लहान ही उतरंड नाही. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० नंतर ही कला कागदावर आणि जगभर नेली, तेव्हाही हे तत्त्व टिकले. वारल्यांच्या श्रद्धाविश्वातील धरतरी, गावतरी आणि कणसरी ही नावे भूमी, गाय आणि धान्य यांची आहेत. येथे निसर्ग दृश्य म्हणून वेगळा काढलेला नाही. पोसणारी आणि पोसली जाणारी अशी ती नाती आहेत.

मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. देशीवादाच्या प्रभावाखाली या दृष्टीला निर्मळ, अविकृत ‘आतली’ दृष्टी म्हणून पूजण्याचा मोह होतो. तोही सहलीचाच एक प्रकार आहे; फक्त पॉइंटच्या जागी चौक येतो. आज पठारावर राहणारा तरुण वीटभट्टीचा हिशेब, वनहक्काच्या २००६ च्या कायद्याखालील दावा आणि कणसरीची कथा ही तिन्ही एकाच वेळी जाणतो. त्याच्या लेखनात ही तिन्ही येतील तेव्हा त्यातील एकच खरी आदिवासी आणि बाकीच्या बाहेरच्या, अशी निवड समीक्षेने त्याच्यावर लादू नये. इंग्लंडमध्ये मूरवर चालण्याचा हक्क मागावा लागला. येथे कसण्याचा मागावा लागतो. हा फरक भूदृश्याच्या कोणत्याही तौलनिक अभ्यासाचा आरंभबिंदू असला पाहिजे.

श्रमाचा आग्रह धरल्याने सौंदर्यानुभवाची हानी होते, असा आक्षेप येथे संभवतो. हार्डी आणि माडगूळकर यांच्या कृती त्याला उत्तर देतात. क्लिमच्या कोयत्याने हीथचे सौंदर्य उणे झाले नाही, आणि मेंढरांच्या चिंतेने माणदेशी माळ रुक्ष झाला नाही. खुरासणीला खुरासणी म्हटल्याने तिचा पिवळा रंग फिका होत नाही. उलट तो कोणत्या नक्षत्रात पेरला गेला, कोणाच्या घरी त्याचे तेल जाईल, हे कळल्याने पाहणे अधिक भरीव होते. सौंदर्यानुभव अज्ञानावर अवलंबून असेल तर तो दोष सौंदर्याचा नसून त्या अनुभवाच्या उथळपणाचा आहे.

तेव्हा जव्हार-मोखाड्याविषयीचे, किंवा कोणत्याही डोंगरी मुलखाविषयीचे, मराठी लेखन अभ्यासताना काही साधे प्रश्न विचारणे इष्ट ठरेल. लेखक कोणत्या महिन्यात गेला? तो कोठे उभा आहे आणि त्याचे तोंड कोणीकडे आहे? त्याच्या वाक्यांतील क्रियापदांना कर्ते आहेत काय, आणि ते कोण? त्याला जे कळले ते कोणी सांगितले, आणि सांगणाऱ्याचे नाव मजकुरात आहे काय? निसर्गवर्णन या सदराखाली आजवर प्रतिमांची मोजदाद करणाऱ्या अध्यापनाने हे प्रश्न हाती घेतले, तर प्रवासवर्णन, वृत्तलेखन आणि गॅझेटिअर यांच्यामधील भिंती समीक्षेच्या सोयीसाठी उभ्या होत्या, हे ध्यानात येईल. पठारावर राहणाऱ्यांच्या हाती ही तिन्ही गद्ये एकत्रच येतात आणि त्यांच्या जमिनीचे, पाण्याचे, औषधपाण्याचे निर्णय त्यांच्याच भाषेत लिहिले जातात.